क्लोरहेक्सिडिनची चूळ : एक वाया गेलेली आणि एक लागू पडलेली बाटली

हिरड्यांतून रक्त येते म्हणून गेल्या हिवाळ्यात भुसावळच्या एका औषध दुकानातून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेटचे माउथवॉश मी स्वतःच्याच मनाने आणले होते. दात घासले की लगेच चूळ भरायची, असा क्रम आठवडाभर पाळूनही रक्त थांबले नाही, तेव्हा औषधच कुचकामी असल्याचे मी ठरवून टाकले.

चूक माझी होती, हे नंतर दंतवैद्यांकडे गेल्यावर उमगले. या औषधाचे रेणू धनभारित असल्याने ते जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फोडतात. शिवाय दातांवर आणि तोंडाच्या अस्तरावर बसून पुढे सुमारे बारा तास थोडेथोडे सुटत राहतात, आणि हाच गुण त्याला साध्या सुगंधी माउथवॉशपेक्षा वरचढ ठरवतो. परंतु बहुतेक टूथपेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट हा ऋणभारित असतो. तो तोंडात उरलेला असताना चूळ भरली, तर औषध त्याच्याशीच बांधले जाऊन निष्प्रभ होते. म्हणून दोहोंत किमान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. दुसरे असे की, दातांवर जमलेल्या जाड थरात आणि हिरडीखालच्या खोल फटींत ते फारसे शिरत नाही.

दंतवैद्यांनी आधी दातांवरचे कीटण खरवडून काढले आणि मग १० मिलिलिटर औषध दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात खुळखुळवायला सांगितले. या वेळी पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त थांबले. चौदा दिवसांना २८० मिलिलिटर लागत असल्याने १५० मिलिलिटरची एक बाटली पुरत नाही, हे घेतानाच ध्यानात ठेवावे.

दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सवरही क्लोरहेक्सिडिनचा चांगला प्रभाव पडतो. मात्र रूट कॅनालच्या नळीतील मृत ऊती विरघळवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने तिथे सोडियम हायपोक्लोराइटच लागते.

तक्रारी दोन आहेत. चूळ भरल्यावर खारट चव काही काळ मंदावते. घरच्या वांग्याच्या भरितात मी दोनदा वरून मीठ घातले आणि इतरांना ते खाववेना. दुसरी तक्रार चहाची, कारण या औषधाच्या जोडीला चहा चालू असल्याने खालच्या पुढच्या दातांवर दहाव्या दिवसापासून तपकिरी डाग दिसू लागले आणि ते घालवण्यासाठी मला पुन्हा त्याच खुर्चीत बसावे लागले.