बोटानं मंजन की ब्रश-पेस्ट?
सासूबाई म्हणतात दोन वर्षाच्या पोराला ब्रश कशाला, बोटानं मंजन लाव की. खरंय, बोट मऊ असतंय, पोरगं रडत नाही, दात यायच्या आधी तर ओल्या फडक्यानं हिरड्या पुसल्या की झालं. पण दाढा आल्या की बोट खाचेत जातच नाही ओ, परवा गड्ड्याच्या जत्रेवरनं आल्यावर बघितलं तर चिक्की मागच्या दाढेत तशीच चिकटलेली, ब्रशनंच निघाली, आणि खरखरीत मंजनानं दात झिजतात ते वेगळंच. फ्लोराइडची पेस्ट 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढीच, 3 नंतर वाटाण्याएवढी, जाहिरातीतल्यासारखी लांब पट्टी नको. रात्री ब्रश झाल्यावर दुधाची बाटली बंद. सध्या तह असाय: हिरड्या चोळायला आज्जी, दोन्ही वेळचा ब्रश माझ्याकडं.