ओपनफोम रिव्ह्यू: पल्पच्या टाकीसाठी फुकटचं सीएफडी कितपत कामाचं?

जॅकेटवाल्या (बाहेरच्या आवरणातून तापवायच्या) टाकीत हापूसचा पल्प कडेला करपतो आणि मध्ये कोमटच राहतो, हे दुखणं या धंद्यात सगळ्यांना माहितीये, आणि त्यावर ठरलेला उपाय एकच, अॅजिटेटरचा, म्हणजे आतल्या घुसळणीच्या पंख्याचा, आरपीएम वाढवा. ओपनफोम हे सीएफडीचं, म्हणजे द्रव कसा वाहतो ते कॉम्प्युटरवर गणिताने काढायचं सॉफ्टवेअर वापरायला लागल्यापासून मला हा उपाय अजिबात पटत नाही.

पल्प पाण्यासारखा वाहत नाही ना, जिथे घुसळला जातो तिथे पातळ होतो आणि जिथे हलत नाही तिथे घट्ट बसतो, त्यामुळे पंख्याभोवतीचा गोळा तेवढा गरगर फिरतो आणि कडेचा माल जागच्या जागी. स्टीलच्या टाकीत हे बाहेरून दिसतच नाही. सिम्युलेशनमध्ये लख्ख दिसतं. आमच्या मॉडेलमध्ये आरपीएम दुप्पट केला तरी भिंतीजवळचा पट्टा ढिम्म, पण रुंद अँकर (भिंतीलगत फिरणारं नांगराच्या आकाराचं पातं) हळू फिरवला तर कड हलली. मात्र अँकर माल नुसता गोल फिरवतो, वर-खाली फारसा मिसळत नाही, त्यासाठी हेलिकल रिबन (मळसूत्रासारखी पिळदार पट्टी) बघावी लागते, आणि हे सगळं फॅब्रिकेटरला ऑर्डर द्यायच्या आधी कळतं ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

सॉफ्टवेअरचं मूळ लंडनच्या इंपिरियल कॉलेजातलं, २००४ पासून जीपीएल या मुक्त लायसन्सखाली खुलं, लायसन्सचा खर्च शून्य. पॉवर लॉ, हर्शेल-बल्कली ही घट्ट मालाची मॉडेल्स आयती मिळतात. टाकी गोल असेल आणि आत बॅफल (भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या) नसतील तर एमआरएफवर, म्हणजे पंखा जागीच धरून त्याचं फिरणं गणितात घेणाऱ्या सोप्या पद्धतीवर, काम भागतं, बॅफल असले की ते उत्तर अंदाजाचं होतं, मग पंख्याभोवतीची गणिताची जाळी खरोखर फिरवणारी स्लायडिंग मेश घ्या आणि पीसी रात्रभर चालू ठेवा.

त्रास आहेच. बटणं वगैरे काही नाही, सगळं टेक्स्ट फायलीत लिहायचं, रिझल्ट पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायचा. त्यात ओपनफोम फाउंडेशनची आणि ओपनफोम डॉटकॉमची अशा दोन वेगळ्या आवृत्त्या, एकीची केस फाइल दुसरीत चालेलच असं नाही, तेव्हा आधी एक ठरवा. नवख्यांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं शिक्षणसाहित्य बघावं, चांगलं आहे.

टर्ब्युलन्स (खळबळत्या प्रवाहाच्या) मॉडेलचं मात्र नीट बघा. अर्ध्या मीटरचा पंखा सेकंदाला एक फेरा मारत असेल तर पाण्यात रेनॉल्ड्स नंबर (जितका मोठा तितका प्रवाह खळबळता) अडीच लाख येतो, तोच पंखा ५ पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटीच्या (घट्टपणाच्या) पल्पमध्ये जेमतेम ५०, म्हणजे प्रवाह संथ! तिथे सवयीने के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं मॉडेल लावलं तर चित्र सुंदर येतं, टाकी मस्त मिसळलेली दिसते, आणि ते साफ खोटं असतं.

माझ्याकडून ५ पैकी ४. पण आधी स्वतःच्या पल्पची, स्वतःच्या ब्रिक्सला (साखरेच्या प्रमाणाला) आणि तापमानाला, रिओमीटरवर (घट्टपणा मोजायच्या यंत्रावर) टेस्ट करून घ्या, पुस्तकातली व्हिस्कॉसिटी टाकणार असाल तर डाउनलोडच करू नका.