फिल्टर प्रेसच्या नावाखाली माझे 6,31,500 रुपये गेले. वॉशिंगवाल्यांनो, आधी प्लेट पाण्यात टाकून बघा

फिल्टर प्रेस म्हणजे प्लेटांच्या मधे गाळ दाबून त्यातलं पाणी काढणारं यंत्र. दोन महिने हे कोणाला सांगितलं नाही. घरात फक्त मोठ्या भावाला माहीत आहे, कारण त्यातले 2,00,000 त्याच्या केळीचे होते. एमआयडीसीत कोणी विचारलं, प्रेस कसा चालतोय, तर "चालतोय" म्हणून पुढे सटकत होतो. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या, प्लास्टिक भंगार धुणाऱ्या एका वॉशिंगवाल्याने हौसेने कोटेशन दाखवलं. तीच साइज, तीच किंमत, तोच मोबाइल नंबर, लेटरहेड तेवढं नवं. म्हणून आता लाज बाजूला ठेवून लिहितोय.

जळगावात आमचं चटईच्या दाण्याचं काम आहे. पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं) भंगार आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणायच्या, धुवायच्या, चुरा करायचा, दाणा काढायचा. धुण्याच्या पाण्यात माती, सिमेंट, कागदाचा लगदा सगळं येतं. तुरटी टाकून पाणी निवळतं, ते आम्ही परत वापरतो. खाली रोज साधारण 6,000 लिटर गाळ उरतो. त्यात घन माल 4 टक्के, म्हणजे 240 किलो. बाकी पाणीच. प्रेसमधून 40 टक्के घन असलेला केक, म्हणजे दाबलेला गाळ, निघाला तर त्याच 6,000 लिटरचा 600 किलो माल होतो, दोन हातगाड्यांवर उचलता येतो. हे गणित खोटं नाही. प्रेस हे यंत्रच खोटं, असं माझं म्हणणं नाही. शहरांच्या सांडपाण्याचा गाळसुद्धा बऱ्याच ठिकाणी असाच दाबून काढतात.

उन्हाळ्यात आम्हाला प्रेस लागत नाही. मार्च ते मे आपल्याकडचं ऊनच असं, की वाळूच्या बेडवर गाळ पसरला की चार दिवसांत त्याला तडे जातात. अडचण मृग लागल्यावर. मागच्या पावसाळ्यात गाळ वाहून नाल्यात गेला आणि नोटीस आली. त्यामुळे यंदा मे महिन्यात मी घाईत होतो, आणि ही घाई प्रेस विकणाऱ्या माणसाला पहिल्याच फोनवर कळली. "पावसाआधी बसवून देतो," हे वाक्य त्याने मला किमान दहा वेळा ऐकवलं.

24 इंची 30 प्लेट, त्या आवळून धरणाऱ्या हायड्रॉलिक पॉवर पॅकसह, 4,85,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 87,300. एकूण 5,72,300. मूळ किमतीच्या 30 टक्के अॅडव्हान्स म्हणजे 1,45,500 आरटीजीएस केले, उरलेले 4,26,800 माल गाडीत चढण्याआधी. आता लोक म्हणतात, पूर्ण पैसे आधी का दिले? मला सांगा, जळगावात बाहेरून मशीन आणणारा कोण माल उतरल्यावर पैसे देतो? सगळे असेच देतात. मीही दिले.

डोळे झाकून घेतलं असंही नाही. आमचा गाळ 35 लिटरच्या दोन कॅनमध्ये भरून स्वतः गुजरातला घेऊन गेलो होतो. त्यांच्या शेडमध्ये छोट्या प्रेसवर माझ्यासमोर चालवला. प्लेट उघडली तर केक खणखणीत, पाटीसारखा अख्खा खाली पडला. मी हातात घेऊन मोडला. बोटं पांढरी झाली आणि कातडी कोरडी पडून चुरचुरायला लागली. मला वाटलं सिमेंटचं असेल. तो चुना होता. आम्ही चहाला गेलो तेवढ्यात गाळात बेसुमार चुना ओतला होता. चुन्याने बहुतेक गाळ सुटा होतो, पण तेवढंच वजन वाढतं, आणि गाळ उचलणारा पैसे किलोवर घेतो. चाचणी बघायला जाल तर गाळाजवळून हलू नका. चहा नंतर प्या.

पण खरी जी गोष्ट मला झोपू देत नाही ती 29 मेची आहे. गाडी सकाळी सातला लागली. पोरं प्लेट उतरवत होती. आमचा जुना कारागीर, पारोळ्याकडचा, 22 वर्षं भंगार हाताळतोय, एक प्लेट उचलून थांबला आणि म्हणाला, "भाऊ, हाई भलती जड शे." कोटेशनमध्ये प्लेटचं वजन 11.5 किलो लिहिलेलं होतं आणि वर "100 टक्के व्हर्जिन पीपी", म्हणजे नवं, बिनभेसळीचं. आमचा वजनकाटा तिथून पंधरा पावलांवर. धुण्याची टाकी त्याच्याही अलीकडे. आणि आम्ही दिवसभर करतो काय? चुरा पाण्यात टाकतो. पीपी तरंगतं, पीव्हीसी बुडतं. आमचं अख्खं पोट याच एका गोष्टीवर चालतं. पीपीची घनता 0.91 च्या आसपास, पाण्यापेक्षा कमी. त्यात 20 टक्के खडूची पावडर किंवा टाल्क मिसळलं की घनता 1 च्या वर जाते आणि माल तळाला बसतो. प्लेटच्या कडेची एक पातळ साल सुरीने काढून टाकीत टाकायची होती. अर्ध्या मिनिटाचं काम. मी कारागिराला म्हणालो, "नवा माल जडच असतो, चल आटप." क्रेनवाला तासावर पैसे घेत होता, तिकडे लक्ष होतं.

अकराव्या बॅचला पंपाचा दाब 6 बारवर गेला आणि मधली एक प्लेट कोपऱ्यापासून पाइपाच्या भोकापर्यंत उकलली. गाळाची चिळकांडी शेडच्या पत्र्यापर्यंत. सुदैवाने समोर कोणी उभं नव्हतं. दोन दिवसांत आणखी तीन प्लेट गेल्या. फोन केला तर उत्तर तयार: "एखादा चेंबर, म्हणजे दोन प्लेटांमधली पोकळी, रिकामा राहिला असेल, दोन्ही बाजूंचा दाब सारखा नाही राहिला की प्लेट तुटते, वॉरंटीत बसत नाही." असं होतं हे खरं आहे, म्हणूनच तो हे सांगतो. पण मी चारही वेळा प्लेट उघडून पाहिल्या, दोन्ही बाजूंचे केक पूर्ण भरलेले होते, फोटो आहेत. मग तुटलेला तुकडा उचलला आणि टाकीत टाकला. दगडासारखा तळाला गेला. कारागीर शेजारी उभा होता, काही बोलला नाही. नंतर अख्खी प्लेट काट्यावर ठेवली: 14 किलो 200 ग्रॅम. पॉवर पॅकचा रंग खरवडला तर खाली जुना हिरवा रंग. तोही जुनाच. त्यानंतर त्याने माझा फोन घेणं बंद केलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला", दुसऱ्यांदा "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा", तिसऱ्यांदा "व्यवहार गुजरातला झाला, तिकडे जा". अहो, दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये हे लिहिलंय. फसवणुकीचं न्याय संहितेतलं कलम 318, जुनं 420. मी कागद छापून नेला होता. हवालदाराने तो वाचलासुद्धा नाही, माझ्याच फाइलखाली सरकवला. ग्राहक आयोगात विचारलं तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहक नाही. लघुउद्योगांच्या परिषदेकडे गेलो तर ती पुरवठादाराचे थकलेले पैसे मिळवून देते. म्हणजे मला फसवणारा तिथे जाऊ शकतो, मी नाही! आणि सगळ्यात वर, 87,300 जीएसटीचं क्रेडिटही (आपल्या करातून मिळणारी वजावट) नाही, कारण त्याने रिटर्नच भरलं नाही. माझ्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, बिल दिसत नाही. कराच्या कार्यालयात म्हणाले, विक्रेत्याला भरायला सांगा. कुठे सांगू? त्याचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय. मी कर बँकेतून, पांढऱ्या पैशाने भरला, त्याची पावती माझ्याकडे आहे, आणि नोटीस मात्र वेळेवर मलाच येते. नाल्यात गाळ गेला तर आठ दिवसांत माणूस दारात. माझे सहा लाख गेले तर दोन महिने कोणी जागेवर येऊन प्लेटकडे बघितलंसुद्धा नाही.

कोटेशन आलं की जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. रिटर्न कोणत्या महिन्यापर्यंत भरलंय ते तिथे कोणालाही दिसतं. मी हे पैसे गेल्यावर बघितलं. ऑर्डरमध्ये "या गाळासाठी, इतके टक्के घन, चुना न घालता" असं लिहून घ्या. वकील म्हणाले, 1930 च्या माल विक्री कायद्यात कामासाठी योग्य माल देण्याची अट असते, पण काम काय ते विक्रेत्याला सांगितल्याचं दाखवता आलं पाहिजे. माझं सगळं फोनवरचं बोलणं. निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहा. आणि किमान 20 टक्के रक्कम दहा बॅच होईपर्यंत अडकवून ठेवा, विक्रेता नाही म्हणाला तर तिथूनच परत या.

पूर्ण हिशोब: प्रेस करासह 5,72,300, गाडीभाडं 16,500, क्रेन 4,000, पाया आणि पाइपिंग 38,700. एकूण 6,31,500. वकिलाची फी यात धरलेली नाही.

सध्या गाळ परत बेडवरच टाकतोय, वर ताडपत्री. कोटेशन दाखवणाऱ्या त्या भावाला मी परवा घेऊन आलो आणि टाकीच्या तळाचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. त्याने अॅडव्हान्स पाठवला नव्हता.