नळाची शिट्टी आणि टाकीचा कंट्रोलर: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात कधी पाचव्या दिवशी. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी यात फार फरक पडत नाही. वेळ तर ठरलेली नाहीच. कधी रात्री साडेदहा, कधी पहाटेचे तीन. ज्या रात्री पाणी यायचं त्या रात्री आई नुसती आडवी व्हायची, कान नळाकडे. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पण सोल्डरिंगची आवड डिप्लोमापासूनची आहे. गेल्या दिवाळीत ठरवलं की आईचं हे जागरण बंद करायचं.

कामं दोन होती. पाणी आलं की कळलं पाहिजे. आणि खालच्या तीन हजार लिटरच्या हौदातून वरच्या हजार लिटरच्या टाकीत पाणी चढवताना एक थेंब सांडता कामा नये. असलीच आवड असणाऱ्या सहा-सात जणांचा आमचा गट आहे. लातूर, नाशिक, कोल्हापूर, नांदेड अशा चार गावची माणसं; बहुतेकांनी एकमेकांना समोर पाहिलेलंही नाही, पण रोज रात्री गप्पा होतात. मी विषय काढला आणि तासाभरात पंधरा कल्पना आल्या. त्यातल्या बऱ्याच मी करून पाहिल्या. त्यांचा हा अनुभव.

आधी वरच्या टाकीबद्दल. लातूरचा मित्र म्हणाला, स्टीलच्या तीन सळ्या सोड, पाणी लागलं की सर्किट पूर्ण होतं, यापेक्षा सोपं काही नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावचा माणूस, तेव्हा पाण्याबद्दल त्याचं ऐकायचंच. लावल्या. पाच आठवडे अगदी नीट चाललं. सहाव्या आठवड्यात टाकी अर्धी असताना रिकामी दाखवायला लागली. वर चढून सळ्या बाहेर काढल्या, तर एक सळई खालच्या टोकाला खाऊन निम्मी झालेली, काळी, बोट फिरवलं तर खडबडीत लागणारी. दुसरीवर पांढऱ्या क्षाराचा थर, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. कारण कोल्हापूरच्या मित्रानं लगेच सांगितलं: सळ्यांना सतत पाच व्होल्ट डीसी दिला, म्हणजे धन टोकाचा धातू हळूहळू पाण्यात विरघळत राहणारच, आणि ऋण टोकावर क्षार बसणार. आपलं पाणी जड, त्यामुळे सगळं लवकर झालं. उपाय त्यानंच दिला. सतत करंट द्यायचा नाही. दर दहा सेकंदांनी काही मिलिसेकंदच द्यायचा आणि दर वेळी दिशा उलटी करायची. तसा प्रोग्रॅम लिहिला. सळ्या खायचं जवळजवळ थांबलं. पण टाकीच्या झाकणाखाली बाष्प साठून सळ्या झाकणात बसवल्या होत्या तिथे ओल धरायची आणि टाकी उगाच भरलेली दिसायची. शेवटी सळ्या काढून टाकल्या.

मग अल्ट्रासोनिक सेन्सर, ओल चालणारा, गाडीच्या बंपरवर असतो तसा. वरून आवाज सोडायचा, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. याची पहिली अडचण अशी की अगदी जवळचं याला दिसत नाही, साधारण वीस सेंटिमीटरच्या आतलं. म्हणून चार इंची पाइपचा तुकडा झाकणावर उभा करून सेन्सर त्याच्या टोकाला बसवला. दुसरी अडचण मला मार्चमध्ये कळली आणि तीच मला सगळ्यात आवडली.

सकाळी आकडा बरोबर, दुपारी चूक. त्यातही टाकी भरलेली असताना बरोबर, रिकामी होत आली की चूक. कधी पाहिलं तर प्रत्यक्षापेक्षा जास्तच पाणी दाखवायचा, कमी कधीच नाही. नाशिकच्या ताई भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी विचारलं, "झाकणाखालची हवा किती तापते ते मोजलंस का?" मोजलं नव्हतं. डीएस१८बी२० हा छोटा तापमापक आत सोडला, तर भर दुपारी ५२ अंश. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो; २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ५२ अंशांना ३६२ च्या आसपास. मी प्रोग्रॅममध्ये ३४३ धरला होता. म्हणजे प्रतिध्वनी लवकर परत आला की कंट्रोलरला वाटायचं पाणी जवळ आहे. मीटरभर अंतरावर पाच सेंटिमीटरची चूक, आमच्या टाकीत पन्नासेक लिटर. टाकी भरलेली असताना अंतरच कमी, म्हणून चूकही सेंटिमीटरभराची. ताईंनी दिलेलं सूत्र टाकलं (३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट) आणि त्या दिवसापासून आकडा पट्टीनं मोजल्यासारखा येतो. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर हा सेन्सर लावणाऱ्यानं तापमापकाशिवाय लावूच नये, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आता जानेवारीतली गोष्ट, जी सांगताना अजून वाईट वाटतं. गड्ड्याचे दिवस होते, रात्री आम्ही सगळे सिद्धेश्वराच्या यात्रेहून दमून आलो आणि झोपलो. मोटर अर्ध्या एचपीची. ती मी निळ्या रंगाच्या त्या छोट्या रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, थेट चालवत होतो. रिलेवर दहा अँपिअर लिहिलेलं, मोटर चालताना तीन-चार घेते, मग काय हरकत, असा माझा हिशेब. पहाटे शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. टाकी वाहून वाहून हौद रिकामा झालेला, पाणी रस्त्यावर, मोटर कोरडी फिरतेय आणि तिच्या सीलचा जळका वास. स्क्रीनवर मात्र मोटर बंद! रिले उघडून पाहिला तेव्हा आतल्या तांबूस पट्टीवरचे दोन चांदीचे ठिपके एकमेकांना चिकटलेले, मधोमध मुगाएवढा काळा डाग. स्क्रूड्रायव्हरनं जोर लावला तेव्हा टक् करून सुटले. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते, आणि रोज दोनदा तो झटका खाऊन रिलेचे काँटॅक्ट वेल्ड झाले होते. नळ यायला अजून तीन दिवस होते. आई काही बोलली नाही, शेजारून दोन घागरी घेऊन आली.

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन दादांना दाखवलं. ते म्हणाले, "रिलेनं मोटर चालवत नसतात की. रिलेनं काँटॅक्टर ओढायचा, मोटर काँटॅक्टरनं चालवायची." मग सगळं पॅनेल नव्यानं केलं. काँटॅक्टर म्हणजे मोटरचा झटका सोसणारा दणकट स्विच, कॉइलला वीज दिली की तो ओढला जातो. तो चोवीस व्होल्टच्या कॉइलचा घेतला, कारण कॉइलची वायर टाकीतल्या फ्लोटपर्यंत (ते पुढे येईलच) जाणार होती आणि पिण्याच्या पाण्यात २३० व्होल्ट सोडायची माझी तयारी नव्हती. शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकमेकांच्या सिरीजमध्ये जोडून ती जोडी कॉइलला समांतर लावली. त्याआधी काँटॅक्टर सुटला की कंट्रोलरचा बोर्ड रीसेट व्हायचा, ते थांबलं. मोटरच्या लाइनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, तर हवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल नांदेडच्या काकांनी सुचवला. बोर्ड काय म्हणतो ते बाजूला ठेव. टाकी भरली की कॉइलचा करंट फ्लोटनंच, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचनंच, तुटला पाहिजे. वायरला लोंबणारा, लिंबाच्या आकाराचा तो साधा फ्लोट, हौदात वापरतात तोच. एक वरच्या टाकीत, एक खालच्या हौदात, दोन्ही कॉइलच्या सिरीजमध्ये. वर भरलं तरी मोटर बंद, खाली संपलं तरी बंद. बोर्ड जळाला, प्रोग्रॅम अडकला, वायफाय गेलं, काहीही झालं तरी बंद म्हणजे बंद. वायरला अडकवलेलं वजन आणि फ्लोट यांच्यामधली वायर जितकी लांब सोडाल तितका चालू-बंद पातळीतला फरक वाढतो. मी एक वीत ठेवली, मोटर सारखी चालू-बंद होत नाही. फेब्रुवारीपासून आजवर टाकी एकदाही वाहिली नाही. मे महिन्यात हौद दोनदा संपला, दोन्ही वेळा मोटर आपोआप थांबली. उभ्या दांडीवर सरकणारा चुंबकाचा छोटा फ्लोटही घेऊन पाहिला होता. दीड महिन्यात दांडीवर क्षार बसून तो अडकला. तो घेऊ नका.

वायफायबद्दल थोडक्यात: नोडएमसीयू, म्हणजे कंट्रोलरचा वायफायवाला बोर्ड, गच्चीवर ठेवला तर दोन स्लॅबमधून सिग्नल पोहोचत नव्हता. वायर टाकली आणि प्रश्न मिटला. वायर मात्र पाइपातून न्या; उघडी ठेवलेली माझी पहिली केबल एप्रिलच्या उन्हात तडकली.

आता नळ. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

कोणी सुचवलं नळाच्या तोंडाशी दोन तारा, कोणी सुचवलं फ्लो सेन्सर. तारांवर पाणी गेल्यावरही थेंब लटकून राहायचा आणि घंटा थांबायचीच नाही. वायएफ-एस२०१ हा अर्ध्या इंचाचा फ्लो सेन्सर लावला, त्यात पाण्याच्या धारेनं चक्र फिरतं. पहिल्याच रात्री घंटा वाजली, धावत गेलो, नळ कोरडा. सेन्सर बिघडला असं वाटून काढायला निघालो तर आई म्हणाली, "थांब की जरा, वारं येतंय बघ." नळाला कान लावला तर खरंच, फुस्स आवाज. चार दिवस रिकाम्या पडलेल्या पाइपात हवा भरलेली असते. पाणी सोडलं की ते हवेला पुढे ढकलत येतं, आणि ती हवा घराघरातल्या नळांतून बाहेर पडते. आमच्याकडे पाणी त्या रात्री पंधरा मिनिटांनी आलं. आई इतकी वर्षं जागी राहून ऐकत होती ते हेच वारं.

हवेवर ते चक्र फार जोरात फिरतं, त्याला पाण्याचा आधार नसतो, आणि पहिलं पाणी गढूळ असतं. दोन्हीमुळे पहिला सेन्सर तीन महिन्यांत घासून गेला. आता त्याच्या आधी जाळी आहे, ती दर महिन्याला धुतो. दुसरा सेन्सर अजून चालतोय, पण त्याचं आयुष्यही मी फार धरत नाही.

त्याच काळात नांदेडचे काका म्हणाले, वाराच येतोय तर शिट्टी लाव. मी दोन रात्री विचार केला आणि केली. नळाच्या पाइपवर टी बसवून दोन इंची पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा उभा केला. आत टेबल टेनिसचा चेंडू. तो चाळीस मिलिमीटरचा असतो, दोन इंची पाइपात सैल बसतो. वर रबरी वॉशर, वॉशरच्या भोकावर शाळेतल्या पीटीच्या सरांकडे असते तसली शिट्टी. हवा चेंडूच्या बाजूनं वर जाते आणि शिट्टी वाजते. पाणी आलं की चेंडू तरंगत वर चढतो, वॉशरला टेकतो आणि तोंड बंद करतो. मोठ्या जलवाहिन्यांवर हवा काढायचे व्हॉल्व्ह असतात, त्यांचंही तत्त्व हेच. पहिल्या प्रयत्नात चेंडू तिरका बसून पाणी झिरपत होतं. वॉशरची आतली कड पॉलिश पेपरनं उतरती केल्यावर थांबलं. शिट्टीतली गोटी काढून घ्यायची, नाहीतर एवढ्याशा हवेवर वाजत नाही.

आवाज बारीक आहे, पण आईच्या खिडकीखालीच नळ आहे. वीज गेलेली असली तरी वाजते, आणि लाइट आणि पाणी एकाच वेळी जाण्या-येण्याचे प्रसंग आमच्याकडे कमी नाहीत. एप्रिलमध्ये एका रात्री लाइट नव्हती, घंटा मुकी. पावणेतीनला आईनं मला हलवलं, "शिट्टी वाजली रे, ऊठ की." हौद उघडला, पाइप सोडला आणि दहा मिनिटांनी पाणी आलं. आता पाण्याच्या रात्री ती गाढ झोपते. सकाळी मला सांगते किती वाजता वाजली ते.

खर्च साडेतीन हजारांच्या आत, जळलेलं सील आणि टाकून दिलेले सेन्सर धरून. यातलं सगळं करायची ज्याची तयारी नाही त्यानं काँटॅक्टर आणि दोन फ्लोट एवढं तरी एखाद्या जाणत्या वायरमनकडून करून घ्यावं. टाकीचा आकडा मोबाइलवर दिसणं सुखाचं आहे, पण त्यावाचून अडत नाही. शिट्टी मात्र चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या प्रत्येक घरात असावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत मी बसवून दिली आहे. लातूरच्या मित्रानं मापं मागितली होती, ती कालच पाठवली. आता आषाढ लागलाय, पहिल्या पावसापासून नळाचं पाणी जास्तच गढूळ येतंय आणि आमच्या चेंडूवर क्षाराची पांढरी साय धरलीय. या रविवारी नवी पेठेतून नवा चेंडू आणून बदलायचा आहे.