तीन ब्रँडचे तीन वजनकाटे मागवले, निघाला एकच

किचनमधल्या वजनकाट्याचा रिव्ह्यू आहे हा, पण कुठल्या ब्रँडचा ते विचारू नका, कारण गेल्या आठवड्यात माझ्या ओट्यावर तीन काटे होते, तीन वेगळ्या नावांचे, २९९, ४४९ आणि ६४९ रुपयांचे, आणि तिन्ही एकच.

सुरुवात ब्रेडपासून झाली. यीस्ट आणि मीठ चमच्याने मोजून दोनदा ब्रेड बसला म्हणून मागच्या वर्षी २९९ वाला घेतला. पांढरं प्लास्टिक, मधोमध गोल उंचवटा, पुढे छोटा डिस्प्ले, दोन पेन्सिल सेल, दहा किलोपर्यंत वजन आणि एकेक ग्रॅम दाखवणारा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे हाच असणार, नीट बघा, कुठेतरी एसएफ-४०० लिहिलेलं असेल. आठ महिन्यांनी त्याचं एक बटण आत गेलं ते वर येईचना. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून बॉक्सवरच्या नंबरवर चार वेळा फोन केला, रिंग वाजते आणि कट. म्हटलं स्वस्तातलं घेतलं की असंच होणार, आता जरा बऱ्या कंपनीचा घेऊ. वहिनी म्हणाली, अगं माझ्यासाठीपण बघ, पण तुझ्या त्या काट्यासारखा नको. म्हणून मुद्दाम वेगवेगळ्या ब्रँडचे दोन मागवले, एकाच कंपनीचे दोन्ही बिघडायला नकोत, केवढी ती हुशारी!

बॉक्स वेगळे होते हे मान्य. एकावर हिरवी पानं, दुसऱ्यावर सॅलड कापणारी गोरी बाई. आतला काटा काढला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. माझ्या जुन्या काट्याचं सेलचं झाकण वहिनीच्या नव्याला लावून बघितलं, टक्कन बसलं. माहितीपत्रक तेच, त्यातल्या इंग्रजीच्या चुकापण त्याच. आणि बॉक्सच्या बुडाशी, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात, आयात करणाऱ्याचा पत्ता दोन्हींवर एकच, गाळा नंबरसकट. म्हणजे साइटवर हे दोघं एकमेकांचे कॉम्पिटिटर म्हणून शेजारी शेजारी दिसतात, 'तुलना करा' असा तक्तापण येतो, आणि माल निघतो एकाच गोडाऊनमधून.

हे होतं कसं ते सांगते. चीनमधे झेजियांग प्रांतात योंगकांग म्हणून हार्डवेअरच्या मालाचं मोठं गाव आहे, असले काटे बनवणारे कितीतरी कारखाने तिथे आहेत. ते कोरा माल देतात, ठराविक नग घेतले की तुमचं नाव छापून देतात, बॉक्सपण तुमच्या डिझाइनचा. मग इथे फक्त नाव लागतं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज छोट्या धंद्याला एका क्लासला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपयांत होतो, आणि ॲमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीसारख्या सोयीला ट्रेडमार्क लागतोच, म्हणून आधी कोणी घेतलेलं नसेल असं काहीतरी नाव शोधतात. ती विचित्र नावं येतात ती अशी, सगळी कॅपिटल अक्षरं आणि मधे एखादाच स्वर, उच्चार करायला गेलं तर शिंक आल्यासारखं वाटतं. यात बेकायदा काही नाहीये बरं का. पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापावी लागते, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल कुठल्या देशातला तेपण लिस्टिंगवर द्यावं लागतं, ते सगळं यांनी दिलेलं होतं. फक्त ते वाचतंय कोण, आपण बघतो १,९९९ वर मारलेली काट आणि खाली ६४९. एमआरपीच्या वर विकायला बंदी आहे, एमआरपी फुगवून छापायला कोण अडवतंय.

रिव्ह्यूंचा तर आनंदच. ६४९ वाल्याला हजारो रिव्ह्यू, साडेचार स्टार, मी खाली खाली जात वाचलं तर एक बाई लिहितायत "कपडा मऊ आहे, रंग जात नाही". वजनकाट्याचा! जुन्या कुठल्यातरी मालाच्या पानावर नवीन माल चढवला असणार.

आता काट्याबद्दल. काटा वाईट नाहीये. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅम यायला हवं, तिन्हींवर ७७ आलं (जुन्याचं बटण टूथपिकने उचकटून चालू केलं). अर्धा लिटर दुधाची पिशवी दोघांवर ५१८, एकावर ५१९. एवढं घरी बास आहे. वैताग कुठे येतो तर चिमूट चिमूट टाकताना, यीस्ट हळूहळू भुरभुरवलं तर आकडा शून्यावरच ढिम्म, कारण तो बारीक बदल स्वतःच शून्य धरून टाकतो, म्हणून वेगळ्या वाटीत काढून एकदम ओतायचं. आणि पीठ शोधेपर्यंत स्वतः बंद होतो, मग टेअर केलेलं, म्हणजे पातेल्याचं वजन वजा करून शून्य केलेलं, गेलं, पातेलं रिकामं करून पुन्हा पहिल्यापासून. हे तिन्हींमधे सेम. ज्या ताई दिवाळीला फराळ किलोवर विकतात त्यांनी मात्र हा वापरू नये, विक्रीच्या काट्याला वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो.

स्टार द्यायचे तर काट्याला साडेतीन. २९९ ला घ्या, ६४९ ला अजिबात नको, ब्रँडऐवजी मॉडेल नंबर टाकून शोधा, आणि रिटर्नची मुदत असेपर्यंत रोज वापरून बघा, वॉरंटी धरूच नका. ४४९ वाला मी परत केला, कारणात 'आधीच आहे' असा पर्याय नव्हता म्हणून 'नको आहे' टाकलं. ६४९ वाला वहिनीने ठेवला. सगळं डोळ्यांनी बघून, नाणी मोजूनसुद्धा. म्हणाली बॉक्स छान आहे गं. काटा डब्यांच्या मागे गेलाय आणि बॉक्समधे आता ती वाती ठेवते.