सबस्ट्रेट सरळ ठेवायचा की तिरका?

धातूची वाफ करून तिची पातळ फिल्म सबस्ट्रेटवर, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर, बसवताना हा प्रश्न येतोच. आधी एक सांगतो, वाफेचा कोन सबस्ट्रेटच्या लंबापासून मोजायचा, म्हणजे ०° ला वाफ अगदी समोरून येते. हे उलटं धरणारे बरेच भेटतात आणि मग सगळाच घोळ.

काचेवर सोनं, चांदी, तांबं सरळ टाकलं तर बहुतेक वेळा स्फटिकातले १११ प्लेन (अणूंचे सगळ्यात दाट थर) सबस्ट्रेटला समांतर बसतात, कारण त्यांची सरफेस एनर्जी सगळ्यात कमी. पण शिस्त एवढीच, आडव्यात प्रत्येक ग्रेन (छोटा स्फटिक) कुठेही वळलेला. फिल्म घट्ट, रेझिस्टन्स कमी. विजेच्या कॉन्टॅक्टसाठी किंवा लिफ्ट-ऑफसाठी (खालचा रेझिस्ट विरघळवून नको तिथली फिल्म काढणं) हवं असेल तर विषय संपला, तिरकं करूच नका.

तिरकं केलं की सावलीचा खेळ सुरू होतो. जो दाणा आधी उंच झाला तो वाफ खातो, त्याच्या मागचा उपाशी राहतो, आणि फिल्मचे कॉलम, म्हणजे वाढणारे खांब, सोर्सकडे (जिथून वाफ येते तिकडे) झुकतात. वाफेइतके मात्र नाही हं, टॅन्जंट रूलने (कॉलमच्या कोनाचा टॅन्जंट वाफेच्या कोनाच्या टॅन्जंटच्या निम्मा) ६०° ला कॉलम साधारण ४१° वर येतो. ८५° ला तोच रूल ८० म्हणतो आणि टेटचा रूल (त्याच कामाचा दुसरा फॉर्म्युला) ५८, त्यामुळे तिथे फॉर्म्युल्यावर विसंबू नका, क्रॉस-सेक्शन (फिल्मचा उभा छेद) बघा. फायदा असा की ही शर्यत आडव्यातलीही दिशा निवडू शकते, म्हणजे बायअ‍ॅक्सियल टेक्स्चर (ग्रेन उभ्या-आडव्या दोन्ही दिशांत शिस्तीत), जे काचेवर सरळ टाकून सहसा मिळत नाही. बदल्यात फिल्म सच्छिद्र. सेन्सरला चालतं, वायरिंगला नाही.

मी स्वतः इथेच फसलो होतो. तिरक्या चांदीच्या फिल्मचा एक्स-रे डिफ्रॅक्शनचा साधा थीटा-टूथीटा स्कॅन काढला, ३८° जवळचा १११ पीक मेलेला, म्हटलं टेक्स्चरच गेलं आणि आठवडाभर चेंबरला शिव्या घातल्या. खरं तर तो स्कॅन फक्त सबस्ट्रेटला समांतर असलेले प्लेन बघतो, माझे १११ कलले होते, पोल फिगर (फिल्म कलवून-फिरवून सगळ्या दिशांना घेतलेलं माप) काढल्यावर बाजूला दिसले. आणि टेक्स्चर कॉलमच्याच कोनात असेल असंही धरू नका.

तिरकं करायचं ठरलंच तर स्पटरिंगपेक्षा (आयन आपटून धातू उडवणं) इव्हॅपोरेशन (तापवून वाफ करणं) घ्या, स्पटरिंगच्या प्रेशरला अणू वाटेत आपटून कोन पसरतो. सबस्ट्रेट गरम केला तरी अणू सरकून सावल्या भरतात. छिद्रं हवीत पण झुकाव नको, तर सबस्ट्रेट स्वतःभोवती जोरात फिरवा, मात्र आडवी शिस्त जाते. आणि ८५° ला सबस्ट्रेटवर फ्लक्स (येणारी वाफ) सरळच्या अकराव्या हिश्शाएवढाच पडतो, तेव्हा सोर्समध्ये धातू त्या हिशोबाने भरा.