कॅज्युअल्टीतून घरी गेलेल्या पेशंटला मेसेज : एसएमएस, व्हॉट्सॲप की वेगळं ॲप?

तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना चालवत असाल, तर एव्हाना कुणीतरी 'सिक्युअर पेशंट मेसेजिंग'चं सॉफ्टवेअर दाखवून गेलं असेल. सुट्टी झालेल्या पेशंटशी मेसेजवर संपर्क ठेवावा, हे खरंच आहे. आपल्याकडे तर ते जास्तच लागू पडतं. घोणस चावलेल्याला प्रतिविष देऊन घरी पाठवलं, की आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी असं सुरू होऊ शकतं. फवारणीचं औषध अंगात भिनलेला माणूस सावरलेला दिसतो आणि एक ते चार दिवसांत मान उचलेना, श्वास पुरेना अशी गत होऊ शकते. अशा पेशंटला लवकर सोडूच नये. पण 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने इतके जीव गेल्यावरही हंगामात नातेवाईक सही करून घेऊन जातातच. कुत्रा चावलेल्याचं वेगळंच. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28, आणि पेरणीच्या घाईत शेवटचा डोस हमखास राहतो.

आधी एसएमएस. बटनाच्या फोनवर जातो, नेट लागत नाही, मेळघाटात रेंज तासाभराने आली तरी तेव्हा पोचतो. पण तो कूटबद्ध (मधल्या कुणाला वाचता येऊ नये असा) नसतो आणि फोन हातात असलेला कुणीही वाचू शकतो. दवाखान्याच्या नावाने पाठवायचा, तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार डीएलटीवर, म्हणजे अशा एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही नोंदवावे लागतात. अशा मेसेजला पेशंट उत्तर देऊ शकत नाही, म्हणून फोन नंबर आत हवाच. शिवाय देवनागरीत एका एसएमएसला 70 चिन्हंच मिळतात आणि काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं; 'दवाखान्यात' एवढ्यालाच दहा जातात. 'कुत्रा चावल्याची पुढची सुई गुरुवारी. सकाळी दवाखान्यात या.' हे एका एसएमएसात बसतं. नुसता दहा आकडी नंबर जोडला तरी जेमतेम बसतं; त्याहून जास्त घातलं की छाटावं लागतं किंवा दुसऱ्या एसएमएसचे पैसे पडतात. डोसच्या आठवणीसाठी याहून जास्त काही लागत नाही.

व्हॉट्सॲपचं पारडं जड वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. 2016 पासून मेसेज दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात. सुजलेल्या पायाचा, टाक्यांचा फोटो येतो. वाचता न येणाऱ्या आजीला सिस्टर वऱ्हाडीत व्हॉइस मेसेज टाकू शकते; हा फायदा मला फोटोपेक्षाही मोठा वाटतो. गोंडी, कोरकू येणारं कुणी स्टाफमध्ये असेल तर मग विचारूच नका.

गळती होते ती वेगळीकडून. मेसेज सिस्टरच्या स्वतःच्या मोबाईलवर असतात, फोटो गॅलरीत उतरतात, बॅकअप वेगळं कुलूप न लावता क्लाउडवर जातं, आणि ती नोकरी सोडून गेली की सगळं तिच्याबरोबर. म्हणून दवाखान्याचा वेगळा हँडसेट, वेगळं सिम, गॅलरीत फोटो साठवणं बंद, आणि पेशंटांचा ग्रुप कधीच नाही. रात्री दोनला आलेला मेसेज कोण वाचणार, हेही आधीच ठरवा. 'तातडीचं असेल तर 108 ला फोन करा' असं आपोआप जाणारं उत्तर लावा. आणि डॉक्टरने मेसेजवर औषध सुचवलं, तर तो टेलिमेडिसिनचा, म्हणजे दुरून उपचाराचा, सल्ला झाला. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत व्हॉट्सॲप चालतं, पण पेशंटची संमती आणि नोंद लागते. म्हणजे आपोआप पुसले जाणारे मेसेज सोयीचे वाटले तरी नोंद आधी केस पेपरवर उतरवा.

राहिलं खास ॲप. कुणी काय पाहिलं याची नोंद राहते, स्टाफला वेगवेगळे अधिकार देता येतात, कागदोपत्री सगळ्यात भक्कम तेच. पण पेशंटने ते उतरवायचं, ओटीपी टाकायचा, पासवर्ड लक्षात ठेवायचा, तेही एकदाच टाके घालून गेलेल्याने? काही कंपन्या एसएमएसमधून लिंक पाठवतात. आपणच लोकांना अनोळखी लिंक उघडू नका म्हणून बजावतो! सिकलसेलसारखे वर्षानुवर्षं येणारे पेशंट असतील तर ॲपचा विचार करावा. कॅज्युअल्टीसाठी मी पैसे घालणार नाही.

या तिन्हींत विकणारे ज्याबद्दल बोलत नाहीत ते हे : आपल्याकडे एक फोन अख्खं घर वापरतं. नंबर पेशंटचा म्हणून लिहिलेला असतो, फोन असतो नवऱ्याकडे नाहीतर कॉलेजातल्या पोराकडे. विष प्यालेल्या सुनेला, मारहाणीत डोकं फुटून आलेल्या बाईला कितीही कूटबद्ध मेसेज पाठवा, स्क्रीनवर तो सासूच वाचणार. अशा केसमध्ये मजकुरात आजाराचं नावच नको. 'तपासणीला या' एवढंच, आणि बाकी बोलणं तिने सांगितलेल्या वेळी फोनवर. आशाताईंमार्फत निरोप द्यायचा, तर आधी पेशंटला विचारूनच, कारण आशाताईही त्याच गावच्या.

म्हणून माझी निवड : लसीच्या तारखांना एसएमएस, सर्पदंश, फवारणी आणि डोक्याला मार लागलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन, आणि सर्पदंशाला आठ-दहा दिवसांनी आणखी एक, जखमेचा फोटो हवा आणि पेशंटची हरकत नसेल तिथे व्हॉट्सॲप. डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने वाढवा : फोन कुणाकडे असतो, कोणत्या वेळी लावायचा, मेसेज घरातल्यांनी वाचला तर चालेल का. हे सुट्टीच्या वेळी सिस्टरने पेशंटला एकटं गाठून विचारायचं, बिलाच्या खिडकीवर सगळ्यांसमोर नाही.